देवाची स्तुती करायला कसं शिकावं: पहिल्या वाक्यापासून मंडळीच्या गाण्यापर्यंत

ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला नव्याने येऊ लागलेल्या कितीतरी जणांची एकच अडचण असते. मन भरून आलेलं असतं, पण तोंड उघडत नाही. आजूबाजूला सगळे गात असतात, मध्येच कुणी ‘हालेलूया’ म्हणतं, कुणी डोळे मिटून हात वर करतं, आणि आपण मात्र गीतांच्या पुस्तकात पान शोधत उभे असतो. त्यात कुणी आपुलकीने म्हणालं, “तुम्हीही दोन शब्द उपकारस्तुतीचे बोला,” की घशाला कोरड पडते. हा लेख अशा माणसासाठी लिहिला आहे.

स्तुती ही शिकण्याची गोष्ट आहे, हे सुरुवातीलाच मनाशी पक्कं करा. ती आपोआप उचंबळून यायला हवी, नाही आली तर आपल्या विश्वासातच खोट आहे, असं समजून पुष्कळ लोक गप्प बसतात. पण बायबलच्या मधोमध १५० स्तोत्रांचा संग्रह आहे तो कशासाठी? इस्राएल लोकांना देवाशी कसं बोलावं याचे शब्द हवे होते, आणि ते पिढ्यान् पिढ्या पाठ करून शिकले जात होते. मरीयेने गायलेलं गीत लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. ते वाचून मग १ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायातली हन्नाची प्रार्थना वाचा. मरीयेच्या तोंडी तिच्याआधी कितीतरी काळ होऊन गेलेल्या बाईचे विचार आणि शब्द आहेत. प्रभूच्या आईलाही जुने शब्द जवळचे वाटले, तर आपल्याला ते घ्यायला संकोच कशाला?

माझं सांगणं थोडक्यात असं आहे: आधी बोला, नेमकं बोला, आणि मग गा. पुष्कळ लोक थेट गाण्यापासून सुरुवात करतात आणि चालीच्या ओघात शब्द कुठे गेले ते त्यांना कळतही नाही.

पहिली पायरी: एकट्याने, पण मोठ्याने

घरात एकटे असाल अशी वेळ निवडा. बसा, उभे राहा, गुडघे टेका, जे सोयीचं वाटेल ते करा. मग स्तोत्र ११७ उघडा. सगळ्या स्तोत्रांत ते सर्वांत छोटं आहे, अवघ्या दोन वचनांचं. ते ऐकू येईल अशा आवाजात वाचा. एकदा वाचून झालं की पुन्हा वाचा, या वेळी जरा सावकाश.

मनातल्या मनात का नको? मनातली प्रार्थना देव ऐकतोच, त्याबद्दल प्रश्न नाही. पण बायबलमध्ये स्तुतीचा उल्लेख येतो तेव्हा बहुतेक वेळा ओठ, जीभ, तोंड, आवाज हे शब्द सोबत असतात. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात स्तुतीला ‘ओठांचं फळ’ म्हटलं आहे. बरा झालेला शोमरोनी कुष्ठरोगी येशूकडे परत आला तो मोठ्याने देवाचा महिमा वर्णन करत आला, असं लूक मुद्दाम नोंदवतो. शिवाय आवाजाचा एक साधा फायदा आहे: मनातला विचार अर्धवट राहून सटकू शकतो, तोंडाने उच्चारलेलं वाक्य मात्र पूर्ण करावंच लागतं.

आपलाच आवाज आपल्याला सुरुवातीला परका वाटेल. त्याची काळजी करू नका. स्तोत्र १०३ चा कवी तर स्वतःच्या जिवालाच हाक मारतो, परमेश्वराचा धन्यवाद कर आणि त्याचे उपकार विसरू नको असं त्याला बजावतो. म्हणजे त्या दिवशी त्याचा जीवही आपण होऊन पुढे येत नव्हता. त्याला हाताला धरून आणावं लागलं.

देवाशी बोलताना भाषा कुठली वापरावी? तुमची. ग्रंथातली जड वाक्यं जुळवत बसू नका. आपण आईशी ‘तू’ म्हणून बोलतो तसंच देवाशीही ‘तू’ म्हणून बोलतो, आणि त्यात आदर कुठेही कमी होत नाही.

दुसरी पायरी: नेमकं बोला

सगळ्यात जास्त वेळ मला या पायरीवर घालवायचा आहे, कारण बहुतेकांची स्तुती इथेच फिकी पडते.

‘देवा, सगळ्यासाठी धन्यवाद.’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यात काहीच दिसत नाही. आता हे पाहा: ‘देवा, रात्रभर तापाने तळमळणाऱ्या माझ्या मुलीला पहाटे शांत झोप लागली. मी एकटी जागी होते आणि तू माझ्याबरोबर होतास. मी तुझे आभार मानते.’ दुसऱ्या प्रार्थनेत एकही मोठा शब्द नाही, तरी ऐकणारा लगेच ‘आमेन’ म्हणेल.

स्तोत्र १३६ हा याचा उत्तम वस्तुपाठ आहे. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाची दया सनातन आहे हेच ध्रुवपद येतं. पण प्रत्येक वचनाचा पहिला अर्धा भाग वेगळा आहे. आधी आकाश, पृथ्वी, सूर्य, चंद्र. मग मिसर देशातून सुटका, दुभंगलेला समुद्र, रानातली वाट. सीहोन आणि ओग या दोन राजांची तर नावं घेऊन सांगितलं आहे. मग आमच्या हीन दशेत त्याने आमची आठवण केली, असं येतं. आणि शेवटाकडे, एवढ्या मोठ्या घटनांनंतर, प्रत्येक प्राण्याला तो अन्न देतो ही रोजची गोष्ट. ध्रुवपद सगळीकडे तेच, पण त्याला टेकू देणारी हकीकत दर वेळी नवी आणि नावानिशी सांगितलेली.

तुमच्या प्रार्थनेचाही साचा असाच ठेवता येतो. देवाला हाक मारा. तो कसा आहे त्याबद्दल एक गोष्ट बोला: तो विश्वासू आहे, न्यायी आहे, दयाळू आहे, तो निर्माणकर्ता आहे. मग त्याने काय केलं ते सांगा, आणि ते सांगताना वेळ, माणूस, प्रसंग यांतलं काहीतरी एक नाव घेऊन सांगा. पहिल्या भागाला आपण स्तुती म्हणतो, दुसऱ्याला उपकारस्मरण. दोन्ही एकमेकांत मिसळलेलेच असतात, त्यामुळे कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं याचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. फक्त एवढं बघा की रोज एकच बाजू राहत नाही ना. नुसतेच आभार मानत राहिलो तर प्रार्थना हळूहळू मिळालेल्या वस्तूंची यादी होते, आणि देणारा मागे पडतो. नुसतीच गुणवर्णनं करत राहिलो तर देव फार दूरचा वाटू लागतो.

यासाठी एक छोटी वही ठेवा. रोज झोपण्यापूर्वी एक ओळ लिहा: आज काय मिळालं, कुणाकडून, कसं. आठवड्याच्या शेवटी त्या ओळी देवासमोर मोठ्याने वाचा. उपासनेत ऐन वेळी काही सुचत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांना ही वही फार उपयोगी पडते.

माणसांची नावंही देवासमोर घ्या. बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं काढून पाहा: बहुतेक पत्रांच्या सुरुवातीलाच तो वाचणाऱ्यांबद्दल देवाचे आभार मानतो, आणि ते त्यांना कळवतोही. डॉक्टरने बरं केलं तर देवाचे आभार मानून डॉक्टरला विसरायचं, असं नाही. दोघांचेही माना.

आभारातही एक खड्डा आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस) मंदिरात उभा राहून ‘हे देवा, मी तुझे आभार मानतो’ असंच म्हणतो. सुरुवात निर्दोष आहे. पण मग तो पुढे म्हणतो, मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही. ज्या आभारात दुसऱ्याशी तुलना शिरते ते आभार देवाकडे न जाता स्वतःकडेच वळतात. ‘अमक्यापेक्षा आमचं बरं आहे, देवा तुझे उपकार,’ असं वाक्य तोंडात आलं तर तिथेच थांबा आणि त्या अमक्यासाठी प्रार्थना करा.

तिसरी पायरी: स्तोत्रांचे शब्द आपलेसे करा

स्वतःची वाक्यं चार-पाच दिवसांत संपतात. तेव्हा स्तोत्रसंहितेकडे या. सुरुवातीसाठी ही घ्या: ८, ३४, १००, १०३, १०७, १३६, १४५ आणि १५०. क्रम कोणताही चालेल, पण १०० ने सुरू करणं चांगलं. पाचच वचनं आहेत आणि त्यात गाणं, आनंद, आभार, स्तवन आणि देवाचा चांगुलपणा हे सगळं येतं.

एक वचन मोठ्याने वाचा आणि थांबा. त्या वचनाला जोडून तुमचं एक वाक्य बोला. मग पुढचं वचन. स्तोत्र १०७ या पद्धतीला फार चांगलं आहे. त्यात चार प्रकारची माणसं आहेत: रानात वाट चुकलेली, अंधारात बेड्या पडलेली, आजाराने मरणाच्या दारी गेलेली आणि समुद्रात वादळात सापडलेली. चौघांचीही हकीकत सारखीच पुढे जाते. संकट आलं, त्यांनी हाक मारली, त्याने सोडवलं, आता त्यांनी त्याचे आभार मानावेत. यांतल्या कुठल्या माणसांत तुम्ही आहात ते वाचता वाचता तुमचं तुम्हालाच कळेल.

एक स्तोत्र पूर्ण पाठ करा. एकच. आजारपणात, प्रवासात, झोप न येणाऱ्या रात्री पुस्तक हाताशी नसतं, तेव्हा पाठ असलेलंच तोंडी येतं.

चौथी पायरी: मन कोरडं असतं तेव्हा

असे दिवस येणारच. घरात मृत्यू झालेला असतो, नोकरी गेलेली असते, किंवा काहीच कारण नसताना आतून सगळं सुन्न झालेलं असतं. अशा वेळी उपासनेतल्या आनंदी गाण्यांचा त्रासही होतो. यात पाप नाही.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत, आणि ती स्तुतीच्याच संग्रहात ठेवलेली आहेत. स्तोत्र १३ उघडा. सहा वचनांच्या या छोट्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच ‘किती काळ?’ हा प्रश्न चारदा येतो. देव आपल्याला विसरला असं कवीला वाटतं आणि तो ते देवालाच सांगतो. शेवटच्या वचनात मात्र तो गाण्याची भाषा बोलतो. स्तोत्र ४२ आणि ४३ मध्ये ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे ध्रुवपद तीन वेळा येतं, म्हणजे एकदा स्वतःची समजूत घालून भागलं नाही. आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. तरीही ती प्रार्थना आहे, कारण पहिल्या शब्दापासून ती देवाला उद्देशून केलेली आहे.

तेव्हा कोरड्या दिवशी काय करायचं? खोटा आनंद आणू नका. जे आहे ते बोला. मग जमलं तर देवाबद्दलचं एकच खरं वाक्य जोडा, जे तुमच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात नेमकं हेच घडतं. उद्ध्वस्त झालेल्या यरुशलेमेचा आक्रोश चालू असतानाच परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते, असं वचन मध्येच येतं. आणि त्यानंतरही आक्रोश थांबत नाही, तो पुढचे दोन अध्याय चालू राहतो.

१ थेस्सलनीकाकरांस पत्रात पौल म्हणतो की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. ‘सर्व स्थितीत’ म्हणजे प्रत्येक वाईट गोष्टीबद्दल आभार माना, असं नाही. मूल गेलं त्याबद्दल देवाचे आभार मान, असं कुठल्याही आईला कुणीही सांगू नये. त्या दुःखात देव तिला सोडून गेलेला नाही, याबद्दल ती एके दिवशी आभार मानेल, आणि तो दिवस तिचा ती ठरवेल. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात तर स्पष्टच म्हटलं आहे की दुःखी माणसापुढे गाणी गाणं म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेण्यासारखं आहे. दुसऱ्याच्या दुःखात त्याच्या शेजारी बसा. त्याच्या वतीने स्तुती करण्याची घाई करू नका.

पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी फिलिप्पै इथल्या तुरुंगात मध्यरात्री गाणी गायली, हा प्रसंग या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यातला एक तपशील अनेकदा सुटतो: पाठीवर फटक्यांच्या जखमा होत्या, पाय खोड्यात अडकवलेले होते, आणि ते प्रार्थना करत होते व गात होते. प्रार्थना आधी आहे. आणि बाकीचे कैदी ऐकत होते, असंही तिथे लिहिलं आहे.

पाचवी पायरी: आता गा

‘मला गाता येत नाही’ हे कारण मी ऐकून घेईन, पण मान्य करणार नाही. स्तोत्रकर्ते सगळ्या पृथ्वीला परमेश्वराचा जयजयकार करायला सांगतात. त्यात फक्त सूर असलेल्यांनीच यावं अशी अट नाही. शेवटचं भोजन झाल्यावर येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, हे मत्तय आणि मार्क दोघेही सांगतात. त्या खोलीत कोळी होते, जकातदार होता. कुणाचा गळा कसा होता याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

गाण्याचं कारण आणखी एक आहे. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक प्रबंध गायला सांगतो, आणि त्यातून एकमेकांना शिकवण द्या, बोध करा असंही म्हणतो. म्हणजे गाणं देवाकडे जातं तसंच शेजारच्या माणसाकडेही जातं. तुमच्या मागच्या बाकावर कुणी थकून-भागून आलेलं असेल, आणि आज त्याला स्वतः गाता येत नसेल. तुमचा साधा, बेसूर का असेना, पण मनापासूनचा आवाज त्याला विश्वासाचा शब्द ऐकवतो.

सुरुवात अशी करा. उपासना सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटं आधी पोहोचा आणि त्या दिवशीच्या गीतांचे नुसते शब्द वाचा. अडलेल्या शब्दाचा अर्थ कुणाला तरी विचारा; जुन्या गीतांत असे शब्द पुष्कळ सापडतात. गीत सुरू झालं की पहिलं कडवं फक्त ऐका. ध्रुवपद आलं की त्यात सामील व्हा, कारण ते परत परत येतं आणि लवकर जमतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत बहुतेकांना चाल सापडते. चांगलं गाणाऱ्याच्या शेजारी किंवा त्याच्या पुढे उभे राहिलात तर काम निम्मं सोपं होतं.

एक गीत घरी न्या. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, चालताना गुणगुणा. एका महिन्यात एकच गीत पूर्ण पाठ झालं तरी वर्षाच्या शेवटी बारा गीतं तुमची झालेली असतात.

मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७६१ साली मंडळीच्या गाण्याबद्दल काही सूचना छापल्या होत्या. त्या आजही तंतोतंत लागू पडतात. सगळ्यांनी गावं. अर्धमेल्यासारखं, झोपेत असल्यासारखं गाऊ नये. पण इतरांच्या वर आपला आवाज ऐकू यावा म्हणून ओरडूही नये. लय सोडून पुढे पळू नये आणि मागेही रेंगाळू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जे गातो त्याच्या अर्थाकडे लक्ष ठेवावं, मन सुरांबरोबर वाहून जाऊ देऊ नये.

ही शेवटची काळजी त्याच्याही फार पूर्वीची आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस हिप्पोचा बिशप ऑगस्टिन आपल्या आत्मकथनात लिहून गेला आहे की गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्यानेच आपण जास्त हेलावतो तेव्हा आपल्याला अपराधी वाटतं. तरीही मंडळीत गाणं असावं असंच त्याने ठरवलं, कारण त्याने दुर्बळ मनाला भक्तीकडे उचललं जातं. मला हे फार प्रामाणिक वाटतं. तुम्हालाही सुंदर चालीने डोळ्यांत पाणी आलं तर लाजू नका. फक्त गीत संपल्यावर स्वतःला विचारा, आत्ता मी देवाला काय म्हटलं? उत्तर आलं नाही तर ते कडवं घरी जाऊन बोलून वाचा. १ करिंथकरांसच्या चौदाव्या अध्यायात पौल आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन असं म्हणतो. दोन्ही हवं.

सहावी पायरी: मंडळीत उभे राहताना

ख्रिस्ती लोक एकत्र येऊन गातात ही गोष्ट बाहेरच्या माणसांच्याही लवकर ध्यानात आली होती. इसवी सन ११२ च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, अशी नोंद केली आहे. तेव्हापासून पद्धती मात्र अनेक झाल्या. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत परंपरेने वाद्यांशिवाय गातात. धर्मसुधारक कॅल्विनच्या काळात जिनिव्हात प्रामुख्याने छंदोबद्ध स्तोत्रंच गायली जात, आणि त्यांचा संपूर्ण संग्रह १५६२ साली तयार झाला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या सभेत बराच वेळ पूर्ण शांतता असते. कुठे ढोलकी आणि टाळ्या, कुठे पाईप ऑर्गन. स्तोत्र १५० मध्ये शिंग, वीणा, डफ, तंतुवाद्यं, झांजा सगळं आहे, तर स्तोत्र ४६ मध्ये शांत राहा, असाही आदेश आहे. तुम्ही ज्या मंडळीत जाता तिथली रीत आधी पाहा, आणि दुसरीकडची रीत वेगळी दिसली म्हणून तिथल्या लोकांची भक्ती कमी आहे असं समजू नका.

काही गोष्टी नवख्याला लगेच उपयोगी पडतील. ‘आमेन’ म्हणजे ‘तसंच असो, हे खरं आहे.’ दुसऱ्याची प्रार्थना संपली की तुम्ही आमेन म्हणता तेव्हा ती प्रार्थना तुमचीही होते. म्हणून ऐकल्याशिवाय म्हणू नका. पौलाने याच कारणासाठी करिंथकरांना समजेल असं बोलायला सांगितलं: बाजूला बसलेल्याला तुमची उपकारस्तुती कळलीच नाही, तर तो आमेन कसा म्हणेल? ‘हालेलूया’ म्हणजे ‘परमेश्वराची स्तुती करा’. रोमन कॅथलिक मंडळीत प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या लेंटमध्ये) हा शब्द उपासनेत घेत नाहीत, आणि पुनरुत्थानाच्या सणाच्या जागरणविधीत तो पुन्हा मोठ्या आनंदाने गातात. आगमनकाळात (नाताळपूर्वीच्या आठवड्यांत) आणि प्रायश्चित्तकाळात रविवारचं महिमागीतही (ग्लोरिया) नसतं. तुम्ही नेमके त्या आठवड्यांत पहिल्यांदा गेलात तर उपासना गंभीर वाटेल. काही चुकलं आहे असं समजू नका.

हात वर करणं, टाळ्या वाजवणं, गुडघे टेकणं, वाकणं हे सगळं शास्त्रात आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांनी हात वर करून ‘आमेन, आमेन’ म्हटलं आणि मग मस्तक लववून नमन केलं. पण कुणाचं पाहून अंगाला न पेलणारी कृती करू नका. शरीर मनाच्या मागोमाग येईल.

उपासनेच्या आधी एक गोष्ट तपासून पाहा, आणि ती सोपी नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी समेट कर, असं येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं. आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. ती गाणी सुरेल असतील, तरी गरिबांना नाडणाऱ्यांच्या तोंडची होती. याकोब आपल्या पत्रात तर सरळ विचारतो, एकाच तोंडातून स्तुती आणि शाप कसे निघतात? तेव्हा कुणाशी बोलणं टाकलं असेल तर रविवारच्या आधी त्याला एक फोन करा.

सातवी पायरी: चारचौघांत उपकारस्तुती

बऱ्याच मंडळ्यांत साक्ष देण्याची वेळ असते. तीन मिनिटं पुरेत. काय झालं, आपण देवाकडे काय मागितलं, त्याने काय केलं, आणि मनात घर केलेलं एखादं वचन. एवढं बोलून बसा. घरून चार ओळी लिहून आणल्या तरी चालतं.

इतरांच्या खासगी गोष्टी उघड करू नका. दुसऱ्याचं आजारपण, नवरा-बायकोचं भांडण, कुणाचं कर्ज, हे त्यांनी परवानगी दिल्याशिवाय साक्षीत येता कामा नये. आणि वाढवून सांगू नका. निम्मा बरा झालेला आजार ‘पूर्ण बरा झाला’ असं सांगितल्याने देवाचा महिमा वाढत नाही. जे घडलं तेवढंच सांगा. त्याच्यासाठी तेवढं पुरेसं आहे. प्रार्थनेचं उत्तर अजून आलंच नसेल तर तसं सांगा आणि वाट पाहताना त्याने काय दिलं त्याचे आभार माना. माझ्या मते अशी साक्ष ऐकणाऱ्यांच्या जास्त जवळची असते, कारण मंडळीतले अर्धे लोक त्याच जागी उभे असतात.

गाणी निवडायची वेळ आली तर

काही महिन्यांनी कुणीतरी म्हणेल, पुढच्या कौटुंबिक प्रार्थनेला तुम्ही गाणी घ्या. हो म्हणा. तीन गाणी पुरतात. पहिलं देवाच्या थोरवीचं, सगळ्यांना येणारं. दुसरं ख्रिस्ताने आपल्यासाठी काय केलं ते सांगणारं, जरा सावकाश. तिसरं आभाराचं किंवा समर्पणाचं. नवं गाणं एका वेळी एकच, आणि ते आधी दोनदा गाऊन दाखवा. जमलेल्यांत कुणी दुःखात असेल तर विलापाचं एखादं स्तोत्र वाचून मग गाण्याकडे वळा. दोन गाण्यांच्या मध्ये लांब भाषण करू नका; एखादं वचन वाचा आणि पुढे चला. शब्द सगळ्यांच्या हातात आहेत ना, ते बघा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी निदान एक गाणं असं ठेवा की ज्यात ओळ तुम्ही म्हणायची आणि सगळ्यांनी मागून म्हणायची.

पट्टी ठरवताना तुमच्या गळ्याचा विचार शेवटी करा. गाण्यातली सगळ्यात वरची ओळ आधी गाऊन पाहा. ती आजीला आणि शाळकरी मुलाला न ताणता गाता आली तर पट्टी बरोबर आहे. नाही आली तर एक-दोन सूर खाली घ्या आणि मग सुरुवात करा.